१९९९ची झेन, डॅशबोर्ड पांढरा पडलाय: काय करून पाहिलं आणि कुठे अडलंय

बाभूळबन (धागाकर्ता) · रविवार, सकाळी ८:१०

नमस्कार मंडळी,

बाबांची १९९९ची मारुती झेन परत रस्त्यावर आणतोय. इंजिन, ब्रेक, टायर झाले. ती कामं मेस्त्रींनी केली, त्यामुळे त्याबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. अडलंय ते डॅशबोर्डपाशी, आणि ते काम मला घरीच करायचंय.

गाडी सहा वर्षं अकोल्याला अंगणात उभी होती. कडुनिंबाखाली होती असं आई ठामपणे सांगते, पण दुपारी दोननंतर तो कडुनिंब सावली शेजाऱ्यांना देतो. अकोल्याचा मे महिना काय असतो ते वेगळं सांगायला नको. डॅशबोर्डच्या वरच्या बाजूवर बोट फिरवलं की फळा पुसल्यासारखी पांढरी भुकटी हाताला लागते. एसीच्या दोन जाळ्यांच्या पात्या लोंबतायत. डावीकडच्या कप्प्याचं झाकण एकाच बिजागरीवर तगून आहे. मीटरच्या काचेवर इतके बारीक ओरखडे की सूर्य मागे असला की काटा दिसत नाही. शिवाय दर दसऱ्याचं हळदकुंकू. त्यातली हळद उन्हानं केव्हाच उडाली, कुंकवाचा गुलाबी डाग मात्र मुरलाय.

आधी माझी चूक. दुकानदारानं दिलेलं चकाकी आणणारं पॉलिश मी पहिल्याच दिवशी सगळीकडे फासलं. दोन दिवस गाडी नवरीसारखी. तिसऱ्या दिवशी त्यावर बाळापूर रोडची सगळी धूळ, आणि समोरच्या काचेत डॅशबोर्डचं असं प्रतिबिंब की समोरून येणारा ट्रक त्यातून शोधावा लागत होता. मग रात्रभर रिठे भिजवले, कोमट पाण्यात जुन्या टूथब्रशनं दाणेदार पोताच्या खाचाखाचांतून घासलं. तीन वेळा. पहिल्या पाण्याचा रंग चहासारखा होता.

घासताना मीटरच्या वरचा पितळी गणपती काढला. गाडी घेतली त्या दिवशी बाबांनी दुहेरी टेपनं बसवलेला. टेप निघेना म्हणून गोडेतेल लावून अर्धा तास ठेवलं, मग एटीएम कार्डानं हळूच उचकटला. खाली जुन्या रुपयाच्या नाण्याएवढा एक गोल निघाला, ओल्या पाटीसारखा गडद राखाडी, जवळजवळ निळसर. मी आणि ताई बघतच राहिलो. लहानपणापासून आम्ही या गाडीचा 'मूळ रंग' म्हणून जो सांगत आलो तो मूळ नव्हताच.

आता प्रश्न. डॅशबोर्ड रंगवावा का? रंगवायचा तर त्या गोलाच्या रंगाशी जुळवून? आणि झाकणाची बिजागरी कशानं चिकटवू? झटपट गोंद दोनदा लावला, दोन्ही वेळा कडकन सुटला.

नानापेठी · रविवार, ९:३५

पहिला प्रश्न तुम्हालाच: कप्प्याचं झाकण उलटं करून पाहिलंत का? बहुतेक भागांच्या पाठीवर बाणाच्या दोन टोकांमध्ये प्लास्टिकची जात सांगणारी, साच्यातच उमटवलेली अक्षरं असतात. पीपी, एबीएस, पीसी-एबीएस असं काहीतरी. ती वाचल्याशिवाय कुठलीही बाटली उघडू नका.

पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. त्याचा पृष्ठभाग मेणचट असतो, गोंद आणि रंग दोन्ही त्यावर नुसते बसतात, धरत नाहीत. तुमचा गोंद सुटला यात गोंदाचा दोष नाही. एबीएस मात्र अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतं, म्हणजे ते त्याच्याच तुकड्यानं सांधता येतं.

उद्यमनगरी · रविवार, १०:०२

भावा, अक्षरं नसतील तर कडेचा नखाएवढा तुकडा चाकूनं काढायचा, चिमट्यात धरून बाहेर अंगणात पेटवायचा. पीपी असेल तर मेणबत्ती विझवल्यावर येतो तसला वास आणि थेंब थेंब गळणार. एबीएस असेल तर काळा धूर, काजळीच्या जाळ्या उडणार. वास घ्यायला नाक वर न्यायचं नाही, वास आपोआप येतोय.

पाचवा गिअर · रविवार, १०:२०

त्यापेक्षा सोपं: तुकडा पाण्यात टाका. तरंगला तर पीपी, बुडाला तर एबीएस.

नानापेठी · रविवार, १०:४१

पाचवा गिअर, बादली आणि डब्यांना ही युक्ती चालते. डॅशबोर्डच्या पीपीत ताठपणा यावा म्हणून बऱ्याचदा शंखजिऱ्याची पूड मिसळतात. साधं पीपी पाण्यापेक्षा हलकं, पण पाचवा हिस्सा पूड मिसळली की तेही बुडतं. मी स्वतः यात फसलोय. बुडालं म्हणून एबीएस समजून अ‍ॅसिटोन ओतत बसलो, अर्धा तास काही विरघळेना.

बाभूळबन (धागाकर्ता) · रविवार, दुपारी १:१५

नानापेठी, दंडवत. झाकणावर पीपी. मीटरभोवतीच्या चौकटीवर एबीएस. जाळ्यांवर अक्षरं सापडली नाहीत, म्हणून एका पातीचा कण जाळून पाहिला. काळा धूर आला, आईनं खिडकीतून "काय पेटवलंस" विचारलं.

सायकलस्वार · रविवार, १:३०

वाखुसा (वाचनखूण साठवली).

खाडीपलीकडे · रविवार, दुपारी ३:०५

तुमच्या विदर्भाचं दुखणं भुकटीचं, आमच्या कोकणाचं चिकटपणाचं. माझ्याकडे एका युरोपीय घराण्याची २००३ची गाडी आहे. त्या काळी बऱ्याच गाड्यांच्या बटणांवर, दारांच्या मुठींवर मखमलीसारखा मऊ लेप द्यायचे. तो पॉलियुरेथेनचा. दमट हवेत वर्षानुवर्षं राहिला की ओलाव्यानं त्याच्या रेणूंची साखळी तुटते आणि गुळाच्या पाकासारखा होतो. माझ्या बायकोच्या पांढऱ्या ओढणीवर एसीच्या बटणाचा ठसा आजही आहे, आणि विषयही आजही आहे.

त्यावर साबण, टाल्कम पावडर, सगळं केलं. पावडरनं आठवडाभर बरं वाटतं, मग चिकट अधिक पावडर असं काळं पिठलं होतं. शेवटी उपाय एकच: तो लेप पूर्ण काढायचा. आयपीए, म्हणजे मोबाइल रिपेरिंगवाले सर्किट पुसायला वापरतात ते अल्कोहोल. फडकं ओलं करून बटणावर पाच मिनिटं गुंडाळून ठेवायचं, मग प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडायचं. खाली साधं काळं कडक प्लास्टिक निघतं आणि तेच ठेवायचं. बटणांवरची चित्रं कधी कधी लेपासोबत जातात, म्हणून आधी फोटो काढून ठेवा. माझ्या गाडीत आता काच तापवायचं बटण कुठलं ते फक्त मला माहीत आहे.

जुनं ते सोनं · रविवार, ३:४०

मला एक कळत नाही. सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या गाडीचा डॅशबोर्ड सव्वीस-सत्तावीस वर्षांचा दिसला तर बिघडलं काय? स्वच्छ करा, मोडलेलं जोडा, बाकी सोडून द्या. रंग एकदा लावला की दर तीन वर्षांनी लावत बसाल.

पाचवा गिअर · रविवार, ४:१०

हॉट एअर गन फिरवा. पांढरं पडलेलं प्लास्टिक दोन मिनिटांत काळंभोर. बंपरवर केलंय, जादू आहे.

उद्यमनगरी · रविवार, ४:२५

जादू हाय, पण चार-सहा महिन्यांची. गरम हवेनं वरचा थर किंचित वितळतो, बारीक चिरा मिटतात, म्हणून रंग गडद दिसतो. ऊन तेच, परत पांढरं होणार. बंपर जाड असतो, सोसतो. डॅशबोर्डच्या पातळ कडेला गन जरा जास्त वेळ थांबली की पापडागत वाकडं. आणि दाणा जातो, तिथं तुकतुकीत टक्कल पडतं. राखाडी प्लास्टिकवर तर अजिबात नको, पिवळट डाग येतो.

पाचवा गिअर · रविवार, ४:३१

माझं पडलं नाही टक्कल.

उद्यमनगरी · रविवार, ४:३३

बंपरचं की तुझं? (हलके घ्या.)

नानापेठी · रविवार, रात्री ९:५०

आता बिजागरी. पीपीला सांधायचं तर वितळवूनच. डाग द्यायची साधी सोल्डरिंग आणि स्टेपलरच्या पिना घ्या. तडा जुळवून धरा, पिन चिमट्यात पकडून सोल्डरिंगच्या टोकानं तापवा आणि आतल्या बाजूनं तड्याला आडवी दाबा. पिन प्लास्टिकमध्ये रुतते आणि वरून प्लास्टिक तिला मिटून घेतं. एका बिजागरीला चार-पाच पिना. मग वरून पीपीचाच तुकडा वितळवून भर घाला. श्रीखंडाच्या किंवा दह्याच्या डब्यांच्या बुडाशी त्रिकोणात ५ आकडा असतो, ते पीपी. त्याच्या कात्रीनं बारीक पट्ट्या कापा, वेल्डिंगच्या कांडीसारख्या वापरता येतात. खिडक्या उघड्या ठेवा.

एबीएसची चौकट तडकली असेल तर तिच्याच जातीचा भंगारातला तुकडा बारीक करून अ‍ॅसिटोनमध्ये रात्रभर ठेवा. मधासारखा दाट लगदा होतो. तो मागून भरा आणि दोन दिवस हात लावू नका. वरून कोरडं दिसतं, आत ओलं असतं. साधी इपॉक्सी वापरायचा मोह होईल, पण उन्हात बंद गाडीत डॅशबोर्ड ७० अंशांच्या आसपास जातो आणि बऱ्याचशा घरगुती इपॉक्सी त्याआधीच मऊ पडायला लागतात.

संत्र्याची फोड · सोमवार, सकाळी ७:२०

मी नागपूरची, माझ्याकडे २००१ची झेन. जाळ्यांच्या पात्यांसाठी माझी पद्धत सांगते. पातीच्या टोकाची टाचणीच्या डोक्याएवढी खुंटी तुटते, म्हणून पाती लोंबते. ती गोंदानं परत उभी करायच्या भानगडीत पडू नका. टाचणी गॅसवर लाल करा, पातीच्या टोकात बरोब्बर मध्यभागी तीन-चार मिलिमीटर खुपसा, गार होऊ द्या, बाहेरचं टोक कटरनं दोन मिलिमीटर ठेवून तोडा. झाली लोखंडी खुंटी. माझ्या अकरा पात्या झाल्यात, त्यातल्या दोन वाकड्या बसल्यात, पण हवा येते.

मीटरची काच अ‍ॅक्रिलिकची असते. तिला अ‍ॅसिटोन, थिनर, आयपीए काहीही लावू नका, आतून जाळीसारख्या चिरा उमटतात. २००० नंबरचा वॉटर पेपर, भरपूर पाणी, एकाच दिशेनं. मग ३००० नंबरचा, आडव्या दिशेनं. मग मऊ फडक्यावर ब्रासो. पेपर झाल्यावर काच दुधी दिसते आणि पोटात गोळा येतो. घाबरू नका, ब्रासोनं परत पारदर्शक होते. आत काट्यांना हात लावायचा नाही, अजिबात नाही.

आणि रिठ्याबद्दल टाळ्या. माझी सासू डॅशबोर्डला खोबरेल लावते. उन्हाळ्यात गाडीत बसलं की खवट नारळाच्या दुकानात बसल्यासारखं वाटतं. सांगायची सोय नाही.

कालव्याकाठी · सोमवार, दुपारी १२:५०

नेदरलँड्सहून. तुमची झेन इकडे युरोपात सुझुकी आल्टो या नावानं विकली गेली होती, भारतातच बनून आलेली. भंगारात अजून अधूनमधून दिसते. मोठ्या उत्साहानं एका यार्डात गेलो, डॅशबोर्ड ठणठणीत, ऊनच नाही ना इथे. मग लक्षात आलं की स्टिअरिंग डावीकडे. सगळा डॅशबोर्ड आरशातला! घेण्यासारखं म्हणजे एसीच्या गोल मुठी आणि दिव्यांची बटणं. पुढच्या खेपेला आणू का?

बाभूळबन (धागाकर्ता) · सोमवार, १:१०

आणा! चहा माझ्याकडे.

खाडीपलीकडे · सोमवार, १:१८

अवांतर: अख्खा डॅशबोर्ड भंगारातून आणायचा विचार करणाऱ्यांनो, मी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर तीन शनिवार घालवले. मिळतो. पण तोही तुमच्यासारखाच उन्हात उभ्या गाडीतला असतो. मी जो आणला तो माझ्यापेक्षा जास्त चिकट निघाला.

गॅरेजातला मामा · सोमवार, रात्री १०:३०

रंगाविषयी बोलतो, कारण ते माझं रोजचं काम आहे. तुमची खरी अडचण डॅशबोर्डचं वय नाही, ते पॉलिश आहे. त्यात सिलिकॉन असतं. सिलिकॉनवर रंग मारला की तो तव्यावरच्या पाण्यासारखा पळतो, गोल गोल खड्डे पडतात. रिठ्यानं पुसलं म्हणजे गेलं असं समजू नका. सिलिकॉन काढायचं वेगळं क्लीनर रंगाच्या दुकानात मिळतं. दोन फडकी घ्या, एकानं लावा, ओलं असतानाच दुसऱ्यानं उचला. एकाच फडक्यानं पुसलंत तर इथलं तिथे नेता. हे तीन वेळा.

मग ग्रे स्कॉचब्राइटनं हलकं घासा, दाणा मोडू नका. पीपीवर प्लास्टिक प्रायमर लागतोच. बंपर रंगवणाऱ्याकडे जा, बंपरही बहुधा पीपीच्याच जातीचा असतो, त्याच्याकडे योग्य प्रायमर असणार. प्रायमर पातळ, जवळजवळ दिसणार नाही इतका. त्यावर मॅट, म्हणजे न चकाकणाऱ्या रंगाचे चार उडते हात, मध्ये दहा-पंधरा मिनिटं. एका हातात झाकायला गेलात तर दाणा भरतो आणि डॅशबोर्ड प्लास्टिकच्या खेळण्यासारखा दिसतो. पावसाळी हवेत मारू नका, रंगावर पांढुरकी झाक येते. ग्लॉस तर नकोच, त्याचं प्रतिबिंब तुम्ही पाहिलंच आहे.

आणि ज्यांच्या गाडीत एअरबॅग आहे त्यांनी एअरबॅगच्या झाकणाला रंग, गोंद, पिना, रेक्झिन, काही लावू नये. ते झाकण ठरलेल्या रेषेवर फाटायलाच केलेलं असतं. तुम्ही शिवलेलं फाटलं नाही किंवा तुकडा होऊन उडाला, तर डॅशबोर्ड कसा दिसत होता हे विचारायला कोणी येणार नाही. आसपासचं काही उघडायचं झालं तरी आधी बॅटरीची निगेटिव्ह काढून थांबायचं, आणि वायरिंगला हात घरी नाही, गॅरेजात.

जुनं ते सोनं · मंगळवार, सकाळी ६:५५

मामांचा प्रतिसाद वाचून माझं मत आणखी पक्कं झालं. एवढं करायचं, तर नकोच.

गॅरेजातला मामा · मंगळवार, सकाळी ८:००

तेही बरोबर आहे. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सहांना मी हेच सांगतो. उरलेल्या चौघांवर घर चालतं.

बाभूळबन (धागाकर्ता) · तीन आठवड्यांनंतर, रविवार

धागा वर काढतोय, कारण काम झालंय. निदान मी थांबलोय.

झाकण: स्टेपलच्या सहा पिना आणि श्रीखंडाचा डबा. पहिली पिन आरपार गेली, समोरून चांदीची रेघ दिसते. दुसरीपासून हात बसला. झाकण आता 'टक' असा आवाज करून बंद होतं. गेली कित्येक वर्षं ते बंद करायला गुडघा लागायचा.

पात्या: संत्र्याची फोड, तुमची टाचणी म्हणजे कमाल आहे. सात केल्या. तिसऱ्या पातीला टाचणी मध्यभागी गेली नाही आणि पाती फाटली, ती सोडून दिली. चिमट्याऐवजी बोटानं धरायचा प्रयत्न कोणी करू नये, एवढंच.

मीटरची काच: दुधी झाली तेव्हा खरंच पोटात गोळा आला. चौकट काढून मीटर बाहेर ओढताना मागची केबल अडते, तिचं लॉक दाबून काढावं लागतं, हे मला ओढून झाल्यावर कळलं. केबल वाचली. काच आता स्वच्छ आहे, डाव्या कोपऱ्यात एक खोल ओरखडा ठेवलाय. तो घालवायला गेलो तर तिथे काच लाटेसारखी दिसू लागली.

आता मुख्य: रंग. सिलिकॉन क्लीनरनं तीन वेळा पुसून आधी कप्प्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला रंग मारून पाहिला. तळहाताएवढ्या जागेत चार खड्डे. मग आणखी दोन वेळा पुसलं, मग बसला. त्या तुकड्यावर गणपतीखालच्या गोलाचा रंग दुकानात जुळवून घेतलेला लावला होता. तो गाडीत समोर धरला आणि चूक लक्षात आली. तो रंग १९९९चा. बाकी सगळं आता कुठे १९९९ आहे? सीटा, दारांचे पत्रे, स्टिअरिंग, सगळं एकसारखं उतरलंय. मधोमध एवढं गडद काही ठेवलं की बाकीची गाडी भिकारी दिसते.

शेवटी फक्त वरचा, उन्हानं खाल्लेला भाग रंगवला, दारांच्या आतल्या रंगाशी जुळवून, म्हणजे उतरलेल्या राखाडीशी. चार उडते हात. समोरचा उभा भाग, मीटरची चौकट, कप्पा, काहीही रंगवलं नाही, नुसतं स्वच्छ आणि वर पाण्यातलं मॅट ड्रेसिंग. जुनं ते सोनं, तुम्ही तीन चतुर्थांश जिंकलात.

कुंकवाचा डाग रंगाखाली गेला. आईला ते फार आवडलेलं नाही.

गणपतीच्या गोलावर टेप लावून तेवढी जागा रंगाविना ठेवली आणि गणपती तिथेच बसवला. नवीन टेपनं, पण या वेळी छोटा तुकडा.

एकच उरलंय. तिसऱ्या गिअरला ४० च्या आसपास डॅशबोर्डच्या डाव्या बाजूनं किरकिर येते. आधी नव्हती. सगळ्या क्लिपा मोजून बसवल्यात.

उद्यमनगरी · रविवार, संध्याकाळी ५:४५

लई भारी झालंय. किरकिरीला दोन प्लास्टिक घासतात तिथं फेल्टची चिकटपट्टी लाव, कॅरमच्या सोंगटीखाली लावतात तसली. पण आधी कप्पा रिकामा करून बघ.

बाभूळबन (धागाकर्ता) · रविवार, रात्री ८:२०

कप्प्यात बाबांचं टायरच्या हवेचं मीटर होतं, पितळी, मागच्या खोबणीत सरकून बसलेलं. झाकण कधी नीट लागत नव्हतं म्हणून इतकी वर्षं ते दाबलंच जात नव्हतं. काढलं. किरकिर गेली. चारही टायर त्यानंच तपासले, पुढचा डावा २२ दाखवतोय, उद्या हवा भरतो.